मोफत मिळणारे लिबरऑफिस : दुकानाचे कागद दुकानातच बदला

व्यापारी बंधूंना आता दर दोन दिवसांनी एक वाक्य ऐकावे लागते, "पीडीएफ करून पाठवा." बँकेला स्टॉक स्टेटमेंट पीडीएफमध्ये हवे, सरकारी पोर्टलला भाडेकरार पीडीएफमध्ये हवा, परगावची पार्टी भावपत्रक पीडीएफमध्ये मागते. सी.ए. साहेबांचे बरोबर उलटे, त्यांना तेच आकडे एक्सेलमध्ये लागतात. मग गल्ल्यावर बसलेला मुलगा काय करतो? इंटरनेटवर 'फुकट रूपांतर' असे शोधतो, जी वेबसाइट पहिली दिसेल तिच्यावर फाइल चढवतो आणि दोन मिनिटांत बदललेली फाइल उतरवून घेतो. काम झाले असे सर्वांना वाटते.

परंतु या दोन मिनिटांत आपला कागद कोणाच्या तरी अनोळखी संगणकावर जाऊन आला, याचा विचार कोणी करीत नाही. त्या कागदात काय असते? कोणत्या पार्टीकडे किती उधारी आहे, सूत कोणत्या भावाने घेतले, तागा कोणत्या भावाने दिला, भागीदारांचे पॅन, आधार, बँकेचे खाते. आपण आपली वही शेजारच्या दुकानदाराला दाखवीत नाही. पार्टीचा हिशेब तर आपल्याकडे अमानत असतो. 'आम्ही फाइल काही तासांत नष्ट करतो' असे अशा वेबसाइटवर लिहिलेले असते, पण ती खरोखर नष्ट झाली की नाही हे पाहण्याचा मार्ग आपल्याजवळ नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेच्या डेन्व्हर कार्यालयाने याविषयी उघड इशारा दिला होता. फाइल बदलून देण्याच्या नावाखाली काही वेबसाइट संगणकात घातक प्रोग्राम घुसवतात आणि चढवलेल्या कागदांतून नाव, खाते, पासवर्ड अशी माहिती उचलतात, असे त्यात सांगितले होते.

याला सरळ उपाय आहे. रूपांतर करणारा प्रोग्रामच आपल्या संगणकावर बसवावा. एकदा बसवला की इंटरनेट बंद असले तरी तो चालतो आणि कागद दुकानाबाहेर जात नाही. असा प्रोग्राम म्हणजे लिबरऑफिस. आमच्या पेढीवर भावपत्रकापासून बँकेच्या कागदांपर्यंत सर्व काम यावर होते.

फुकट म्हटले की आपल्या लोकांना शंका येते, आणि ती रास्तच आहे. म्हणून याचे मूळ थोडक्यात सांगतो. स्टारऑफिस नावाचा एक जर्मन प्रोग्राम १९९९ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी त्याची आतली रचना सर्वांसाठी खुली केली. त्यातून ओपनऑफिस निघाले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलकडे गेल्यावर त्यावर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळी वाट धरली आणि लिबरऑफिस सुरू केले. त्याचा कारभार द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनमधील ना-नफा संस्था पाहते. खर्च देणग्यांतून आणि या प्रोग्रामवर सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या मदतीतून चालतो. घरी वापरा, दुकानात वापरा, दहा संगणकांवर टाका, परवान्याचा पैसा नाही.

या ठिकाणी एक कडू गोष्ट सांगणे भाग आहे. बाजारात कितीतरी संगणकांवर चोरीचे ऑफिस टाकलेले असते. संगणक जोडून देणारा माणूस ते टाकून देतो आणि आपणही विचारीत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-बी प्रमाणे चोरीची प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा आहे. त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड आहे. फुकट आणि कायदेशीर वस्तू समोर असताना ही जोखीम कशासाठी?

आता बसवण्याविषयी. संगणकावर लिबरऑफिस डॉट ऑर्ग हा पत्ता स्वतः टाइप करावा. शोधून आलेल्या जाहिरातीवर बोट ठेवू नये, कारण नावाजलेल्या प्रोग्रामच्या बनावट प्रती अशाच पसरवतात. तेथे 'डाउनलोड'मध्ये विंडोजची प्रत घ्यावी; हल्लीच्या बहुतेक संगणकांना ६४-बिटची चालते. फाइल काही शे एमबीची असते, तेव्हा मोबाइलच्या डेटावर न उतरवता वायफायवर उतरवावी. पानावर देणगीची विनंती दिसेल, ती ऐच्छिक आहे. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये हाच प्रोग्राम पैसे घेऊन मिळतो, वेबसाइटवर मात्र फुकट आहे.

उतरलेल्या फाइलवर दोनदा टिचकी दिली की बसवण्याची क्रिया सुरू होते. 'नेक्स्ट' दाबत जावे. फक्त एके ठिकाणी थांबावे. वर्ड व एक्सेलच्या फाइली यापुढे लिबरऑफिसमध्येच उघडायच्या का, असे विचारले जाऊ शकते. संगणकावर परवान्याचे मायक्रोसॉफ्ट ऑफिस आधीपासून असेल तर तेथे खुणा ठेवू नयेत, म्हणजे मुनीमजींची सवय मोडत नाही. 'कस्टम' निवडल्यास मराठी मेनूही घेता येतो, पण क्लासमध्ये शिकलेल्या मुलांना इंग्रजी नावेच पाठ असतात, म्हणून आम्ही इंग्रजीच ठेवले आहे.

या प्रोग्रामचे अनेक भाग आहेत. आपल्याला दोन पुरेत. रायटर हा पत्रे व करारांसाठी आणि कॅल्क हा हिशेबाच्या तक्त्यांसाठी. वर्डची फाइल रायटरमध्ये, एक्सेलची कॅल्कमध्ये उघडते. 'फाइल' मेनूत 'एक्स्पोर्ट ॲज' व त्यात 'एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ' घेतले की पीडीएफ तयार. पीडीएफशिवाय दुसऱ्या प्रकारात बदलायचे असेल तर 'सेव्ह ॲज' घेऊन खालच्या यादीतून प्रकार निवडावा. साठवताना 'एक्सेल प्रकारच ठेवायचा की ओडीएफ?' असे विचारले जाते. ओडीएफ हा लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार आहे, पण फाइल सी.ए.कडे जाणार असेल तर एक्सेलच ठेवावा. टॅलीवाल्यांना बिल किंवा खातेउतारा पीडीएफ करायला यातले काहीच लागत नाही, टॅली स्वतःच पीडीएफ काढून देते.

कापडाच्या व्यापाऱ्याने खरे लक्ष द्यावे ते भावपत्रकाकडे. आपल्या तक्त्यात मालाचे नाव, पन्हा, खरेदी भाव, मजुरी, विक्री भाव असे रकाने असतात. पार्टीला पाठवताना मुलगा खरेदीचा रकाना लपवतो आणि एक्सेलची फाइलच व्हॉट्सॲपवर धाडतो. लपवलेला रकाना समोरच्याला दोन टिचक्यांत उघडता येतो! मग तुमचा नफा किती हे दलालापासून सर्वांना कळले. म्हणून पार्टीला एक्सेल कधी देऊ नये, पीडीएफ द्यावी. कॅल्कमध्ये लागणारा भागच निवडून 'फॉरमॅट' मेनूतील 'प्रिंट रेंजेस'मध्ये 'डिफाइन' करावे, म्हणजे तेवढाच भाग छापला जातो. फाइलमध्ये अनेक शीट असतील तर पीडीएफच्या खिडकीत 'रेंज'खाली निवडलेल्या भागाचा पर्याय घ्यावा, नाहीतर मागचे उधारीचे शीटही सोबत जायचे. पाठवण्यापूर्वी पीडीएफ उघडून पाने मोजावीत.

तक्ता रुंद असला की पीडीएफमध्ये शेवटचे दोन रकाने दुसऱ्या पानावर जातात आणि भाव एकीकडे, माल दुसरीकडे होतो. यासाठी 'फॉरमॅट' मेनूत 'पेज स्टाइल' उघडून पान आडवे करावे. मग 'शीट' या भागात पानाच्या रुंदी-उंचीत बसवण्याचा पर्याय घेऊन रुंदीला १ लिहावे आणि उंची रिकामी सोडावी. कितीही लांब यादी असो, सर्व रकाने एका रुंदीत येतात.

बँकेचा उतारा पुष्कळदा सीएसव्ही नावाच्या फाइलमध्ये मिळतो. ती एक्सेलमध्ये बदलताना होणारा घोटाळा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. चेकचा क्रमांक ००४५१२ असेल तर पुढची शून्ये गळून ४५१२ उरतात. सोळा अंकी खाते क्रमांक तर ई आणि अधिक चिन्ह लावलेल्या भलत्याच आकड्यात दिसू लागतो. तारखेचेही तसेच, ५ एप्रिलची नोंद ४ मे होऊन बसते आणि महिन्याचा हिशेब जुळत नाही. लिबरऑफिसचा मोठा गुण हा, की सीएसव्ही उघडण्यापूर्वी तो एक खिडकी दाखवतो. घाईने 'ओके' दाबू नये. खाली नमुन्याचे रकाने दिसतात, त्यांत चेक व खाते क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर टिचकी देऊन प्रकार 'टेक्स्ट' करावा. तारखेच्या रकान्याला दिवस-महिना-वर्ष हा क्रम द्यावा. मराठी किंवा उर्दू नावे असतील तर वरच्या यादीत यूटीएफ-८ निवडावे. एवढे केले की आकडे जसेच्या तसे येतात.

लिपीचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले मराठी पत्र दुसऱ्याच्या संगणकावर अगम्य अक्षरांत दिसते. लिबरऑफिस पीडीएफ करताना फॉन्ट आतच बसवतो, त्यामुळे पीडीएफ कोठेही वाचता येते. पण फॉन्ट आपल्या संगणकावर हवा, आणि वर्डची फाइल नुसती दुसऱ्या प्रकारात बदलल्याने जुने मराठी युनिकोड होत नाही. उर्दूत पत्रव्यवहार करणाऱ्यांनी 'टूल्स' मेनूतील 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या भागात 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करावे, म्हणजे उजवीकडून डावीकडे लिहिण्याची बटणे मिळतात. नस्तालीकसाठी नोटो नस्तालीक उर्दू हा फॉन्ट मोफत आहे. इनपेजमध्ये केलेली लग्नपत्रिका किंवा लेबल मात्र हा प्रोग्राम उघडत नाही, त्याची पीडीएफ इनपेजमधूनच काढून घ्यावी.

बँकेचे किंवा भागीदारीचे कागद ईमेलने पाठवायचे असतील तर पीडीएफच्या त्याच खिडकीत 'सिक्युरिटी' भागात उघडण्याचा पासवर्ड लावता येतो. पासवर्ड त्याच ईमेलमध्ये लिहिणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारातच ठेवणे होय, तो फोनवर सांगावा. सरकारी पोर्टलवर फाइल मोठी म्हणून नाकारली गेली तर चित्रांची गुणवत्ता व रिझोल्युशन कमी करण्याचा पर्यायही तेथेच आहे.

या प्रोग्रामकडून काय होत नाही हेही माहीत असावे. पीडीएफ यात उघडते व किरकोळ दुरुस्ती होते, पण पीडीएफमधला तक्ता उचलून एक्सेल बनवणे त्याला नीट जमत नाही. त्यापेक्षा समोरच्याकडून मूळ एक्सेलच मागून घ्यावी. स्कॅन केलेला कागद म्हणजे छायाचित्र असते. त्यातली छापील अक्षरे ओळखायला टेसरॅक्ट हा वेगळा मोफत प्रोग्राम आहे, त्याला मराठी व उर्दू दोन्ही येतात, पण वापरायला जाणकार मुलगा लागतो आणि आकडे पुन्हा तपासावेच लागतात. हाताने लिहिलेल्या वहीसाठी तो उपयोगाचा नाही. एक्सेलमध्ये कोणी मॅक्रो बसवून दिले असतील तर ते कॅल्कमध्ये चालतीलच असे नाही, अशी फाइल आधी प्रत काढून तपासावी.

ज्या कारागीर बंधूंकडे संगणक नाही ते झेरॉक्सच्या दुकानात जातात. तेथे कागद व्हॉट्सॲपने दुकानदाराला पाठवण्याऐवजी पेनड्राइव्हमध्ये न्यावा, त्यातूनच उघडायला सांगावा आणि पीडीएफही पेनड्राइव्हमध्येच उतरवून घ्यावी. पाठवावाच लागला तर काम होताच त्या संगणकावरील प्रत समोर उभे राहून पुसायला सांगावी, आणि रिसायकल बिनही रिकामी करून घ्यावी.