फायनल, फाइन आणि फायनान्स : शेवटाचे एक कुळ

बाजारपेठेत दिवसभर काही इंग्रजी शब्द सहज कानी पडतात. सौदा ‘फायनल’ झाला, माल एकदम ‘फाइन’ आहे, वाहतूक पोलिसांनी ‘फाइन’ केला, नवा टेम्पो ‘फायनान्स’वर घेतला. निर्णय, गुणवत्ता, दंड आणि पैसा या चार गोष्टींचा परस्परांशी संबंध असेल, असे बोलणाऱ्याच्या मनातही येत नाही. तथापि हे चारही शब्द एकाच मूळाचे आहेत. ते मूळ म्हणजे लॅटिन भाषेतील ‘फिनिस’. त्याचे अर्थ दोन : सीमा आणि शेवट.

शेताचा बांध जिथे येतो, तिथे आपले शेत संपते. म्हणून सीमा तोच शेवट. संस्कृतातील ‘अन्त’ शब्दाचेही असेच आहे. ‘सीमान्त’मध्ये तो कडा दाखवतो, ‘देहान्त’मध्ये समाप्ती. इंग्रजीतील ‘एंड’ आणि आपला ‘अन्त’ हे तर भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्राचीन कुळातील शब्द होत. ‘फिनिस’पासून शेवटचा तो ‘फायनल’ आणि संपवणे ते ‘फिनिश’ झाले. गुणाच्या शेवटच्या टोकाला पोचलेला तो ‘फाइन’ माल ठरला.

दंड या अर्थाच्या ‘फाइन’ची कथा अधिक बोधप्रद आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये जमिनीचा वाद राजाच्या न्यायालयात तडजोडीने मिटला की त्या कराराला ‘अंतिम समझोता’ या अर्थाने ‘फाइन’ म्हणत. 1195 पासून हा करार एकाच चर्मपत्रावर तीनदा लिहिला जाऊ लागला. दोन प्रती शेजारी शेजारी आणि तिसरी तळाशी. मग ते चर्मपत्र नागमोडी रेषेत कापून दोन्ही पक्षांना एकेक प्रत देत आणि तळाची प्रत सरकारी दफ्तरात ठेवत. पुढे कोणी खोटी प्रत आणलीच, तर कापलेल्या कडा जुळत नसत. ही पद्धत 1833 च्या कायद्याने बंद झाली. पण शतकानुशतकांचे ते तळाचे तुकडे लंडनमधील राष्ट्रीय अभिलेखागारात आजही जपलेले आहेत. प्रकरण मिटवण्यासाठी दिलेली रक्कमही ‘फाइन’ म्हटली जाऊ लागली आणि त्यातूनच पुढे दंडाचा अर्थ रूढ झाला. म्हणजे दंडाचा मूळ हेतू शिक्षा नव्हे, तर वादाचा शेवट हा होता.

सर्वांत मोठे आश्चर्य ‘फायनान्स’ या शब्दात दडले आहे. जुन्या फ्रेंच भाषेत याच मूळापासून एक क्रियापद झाले. त्याचा अर्थ संपवणे आणि व्यवहारात देणे चुकते करणे. इंग्रजीत आला तेव्हा ‘फायनान्स’ म्हणजे कर्जाची फेड, हिशेबाचा निकाल किंवा बंदिवानाच्या सुटकेसाठी मोजलेली रक्कम असा अर्थ होता. पैशाचे व्यवस्थापन हा अर्थ अठराव्या शतकात स्थिरावला. आज ‘फायनान्स केले’ म्हणजे कर्ज घेतले, असे समजले जाते. ज्या शब्दाने कर्ज संपत असे, त्याच शब्दाने ते आता सुरू होते.

आपल्या पेढ्यांना मात्र शेवटाचे महत्त्व ठाऊक होते. पैसे चुकते होऊन रद्द झालेल्या हुंडीला ‘खोका’ असे स्वतंत्र नाव होते. पूर्ण फिटलेले खाते ‘बेबाक’ म्हटले जाई. दीपावलीला नव्या वहीचे पूजन होई, ते जुन्या वहीतील येणे-देणे तपासल्यानंतरच.

आजच्या व्यवहारात हा शेवट सहजी दिसत नाही. कॅश क्रेडिट खात्याचेच उदाहरण घ्यावे. मंजूर मर्यादेपर्यंत रक्कम उचलावी, विक्रीचे पैसे आले की भरावी, व्याज वापरलेल्या रकमेवरच, आणि मर्यादेचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण. सोय मोठी आहे. परंतु खाते शून्यावर न येताच दुकान वडिलांकडून मुलाकडे येते आणि उसन्या रकमेला घरचे भांडवल समजण्याची सवय जडते. वडिलांनी एखाद्या स्नेह्यासाठी दिलेली हमी तर नोटीस आल्यावरच घरात कळते.

कर्ज फिटले तरी शेवट कागदावर व्हावा लागतो. गृहकर्जासारख्या व्यक्तिगत कर्जांची पूर्ण फेड झाल्यावर तारणाची मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत करावीत आणि नोंदवलेला बोजा उतरवावा, असा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा आदेश आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दररोज 5,000 रुपये भरपाईची तरतूद त्यात आहे. तरीही अनेक कुटुंबांत हप्ते संपल्यावर कागद आणण्याचे राहून जाते आणि घर विकण्याच्या वेळी जुना बोजा समोर उभा राहतो. वर्षातून एकदा घरातील कर्त्या माणसाने कर्जे, हमी आणि तोंडी देणी-घेणी एका वहीत लिहून ती पत्नीला व मुलांना दाखवावीत. एवढ्याने पुढचे पुष्कळ क्लेश टळतील.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रताचे नाव परिग्रह-परिमाण. संपत्तीला सीमा घालणे, हाच त्याचा आशय. ‘तत्त्वार्थसूत्रा’त या व्रताचे अतिचार सांगताना परिग्रहाच्या यादीत पहिले नाव येते ते क्षेत्राचे, म्हणजे शेताचे. ‘फिनिस’ची सीमाही शेताचीच होती.

त्याच मूळापासून निघालेला ‘इन्फिनिट’ म्हणजे अनंत. जैन दर्शनात हा शब्द दोन टोकांना येतो. अरिहंतांचे अनंतचतुष्टय म्हणजे अनंत ज्ञान, दर्शन, सुख आणि वीर्य. दुसरीकडे कषायांच्या चार प्रकारांत सर्वांत तीव्र तो अनंतानुबंधी, जो जीवाला अंत नसलेल्या संसारात बांधून ठेवतो. ज्ञानाला अंत नसावा. क्रोधाला मात्र असावा.

म्हणूनच क्षमापनेचा दिवस हा वर्षाचा हिशेब मिटवण्याचा दिवस आहे. त्या दिवशी मोबाइलवरून शेकडो जणांना क्षमेचा संदेश जातो. परंतु वाटणीवरून ज्याच्याशी बोलणे तुटले, त्या सख्ख्या भावाचे नाव बहुधा त्या यादीत नसते. बाकीची सारी खाती बेबाक आणि नेमके तेच एक खाते वर्षानुवर्षे पुढे ओढलेले. ‘फायनल’ या शब्दाला खरा अर्थ यायचा असेल, तर पहिला फोन त्या घरी जायला हवा.