अल ऐन येथील खजुराची बाग व पाण्याची पाळी

गेल्या मार्च महिन्यांत आम्ही तीस मंडळी दुबईहून मोटारीनें अल ऐन या गांवीं एका दिवसाच्या सहलीस गेलों. चिरंजीव नोकरीनिमित्त दुबईस असल्यामुळें हा योग आला. शेख झायेद १९६६ पर्यंत ज्या वाड्यांत राहत तो वाडा, उंटांचा बाजार आणि सायंकाळीं जबल हफीत डोंगरावरून सूर्यास्त, असा बेत होता. तें सर्व यथासांग झालें. परंतु शेतकरी बंधूंस सांगण्याजोगें जें आहे, तें तेथील बागेंत पाहिलें.

दुबईपासून सुमारे १३० किलोमीटर दोन्ही बाजूंस वाळूच वाळू आणि मग एकाएकीं दाट हिरवळ. ‘अल ऐन’ याचा अर्थच झरा. बागेंत सुमारे १,४७,००० खजुरीचीं झाडें असून त्यांच्या जाती शंभराच्या घरांत आहेत. वर खजूर, त्याच्या सावलींत आंबा, केळ व लिंबू, आणि तळाशीं लसूणघास. नर झाडाचा तुरा मादीच्या फुलोऱ्यांत हातानें बांधून फळ धरवितात. आम्ही गेलों तेव्हां कमरेस दोराचा फांस घालून मजूर त्याच कामासाठीं झाडांवर चढत होते.

बागेस पाणी ‘फलज’ नांवाच्या पाटानें मिळतें. डोंगराच्या पायथ्याशीं विहीर खणून भूजल गांठावयाचें, व मंद उताराच्या भुयारानें तें विनायंत्र बागेपर्यंत आणावयाचें, ही मूळ युक्ति. जवळच हिली येथें सुमारे ३,००० वर्षांपूर्वींचा असा पाट उत्खननांत सांपडला आहे. २०११ सालीं युनेस्कोनें या बागा जागतिक वारशांत घेतल्या. पाण्याचा वांटा वेळेवर मोजीत आणि देखरेखीस ‘अरीफ’ असे. आमच्याकडे पांझरेकांठच्या फडांत पाटकरी असतो, तसाच तो.

पाटांत पाय सोडून बसलों असतां एका वृद्ध माळ्यास मीं हिंदींत विचारलें, ‘‘झरा केवढा आहे?’’ तो हंसून म्हणाला, ‘‘झरा कोठला? हें पंपानें आणलेलें पाणी.’’ भोंवतालीं विंधनविहिरी वाढल्या, भूजल खालीं गेलें, आणि जुने पाट आटले. पाट तोच, पाणी मात्र यंत्राचें.

हें ऐकून मला घरची विहीर आठवली. महसूल खात्यांत तीस वर्षें मीं लोकांच्या विहिरींच्या पाळ्या नोंदविल्या. आम्हां दोघां भावांची विहीरही सामाईक. वडिलांनीं चार-चार दिवसांची पाळी लावून दिली होती. तंटा झाला, आणि प्रथम विंधनविहीर घेतली ती मींच. पुढील वर्षीं भावानें माझ्याहून खोल घेतली. तिसऱ्या उन्हाळ्यांत सामाईक विहीर कोरडी पडली. त्या देशाजवळ समुद्राचें पाणी गोडें करून वापरण्याइतकें द्रव्य आहे, आमच्याजवळ नाहीं.

परत आल्यावर सहा वर्षांनीं भावाच्या ओट्यावर गेलों. माझी विंधनविहीर बंद ठेवावी आणि त्याचीच दोघांनीं पाळीनें चालवावी, असें ठरलें. वहींत नोंद मी करतों, तपासतो तो. विहिरीस पाणी अजून आलेलें नाहीं. तथापि ज्यांच्या विहिरी अद्याप सामाईक आहेत, त्यांनीं पाळीचा कागद मोडूं नये, एवढीच विनंती.