खुडूक कोंबडीचे काम खोक्याकडून

कोंबडी खुडूक बसली की पाटीत भुसा पसरून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवायची, म्हणजे २१ दिवसांनी पिले मिळतात. पण ती खुडूक बसते आपल्या मर्जीने, तुमच्या-आमच्या सोयीने नव्हे. अशा वेळी तिचे काम घरातल्या टाकाऊ वस्तूंकडून करून घेता येते. ऊब दिली की झाले, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु ऊब देणे सोपे, ती एकसारखी राखणे अवघड. आणि अंडी फुकट जातात ती तिथेच.

मासळीचे किंवा औषधांचे जाड थर्मोकोलचे खोके घ्यावे. झाकणात जुन्या तसबिरीची काच बसवावी, म्हणजे न उघडता आत पाहता येते. उबेसाठी २५ वॅटचे दोन दिवे पुरतात. मात्र ते तारेचे हवेत, एलईडी दिव्याची ऊब अगदीच थोडी. थर्मोकोल वितळते आणि पेटतेही, म्हणून दिव्यांभोवती भोके पाडलेला पत्र्याचा डबा ठेवावा. तो कुठेही थर्मोकोलला टेकू देऊ नये. दिवे आपोआप चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट तेवढा नवा विकत आणावा आणि जोडणी वायरमनकडून करून घ्यावी. इथे काटकसर नको. पाण्याने भरलेल्या दोन बाटल्याही आत ठेवाव्या. चूल विझल्यावर हंड्यातले पाणी बराच वेळ कोमट राहते ना, तेच हे तत्त्व.

पंखा नसलेल्या पेटीत ऊन हवा वर साचते. म्हणून तापमान अंड्यांच्या माथ्याशी मोजावे. तिथे ते सुमारे ३८.५ अंश सेल्सिअस असावे. लहान पंखा असेल तर ३७.५ पुरे.

लोक भितात ते गारठ्याला. खरे भय उष्णतेचे! कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी रोज थोडा वेळ उठतेच; तेवढ्याने अंड्यांचे काही बिघडत नाही. अर्धा तास वीज गेली तर खोक्यावर गोधडी टाकावी. पण पारा ४० च्या वर काही तास राहिला, तर आतला जीव दगावतो. यासाठीच अंडी ठेवण्यापूर्वी दोन दिवस रिकामी पेटी चालवून पाहावी.

कोंबडी चोचीने अंडी फिरवते, तेही आपल्यालाच करायचे आहे. नाहीतर गर्भ आतल्या पापुद्र्याला चिकटतो. पेन्सिलीने एका बाजूला खूण करून दिवसातून तीन किंवा पाच वेळा अंडी उलटावी. विषम संख्या अशासाठी की, रात्रभर खाली राहणारी बाजू रोज बदलते. अठराव्या दिवसापासून हात लावू नये.

कवचाच्या छिद्रांतून पाणी उडत असते, म्हणून आत पाण्याची ताटली हवी. ती पसरट असावी. खोलीपेक्षा पृष्ठभाग महत्त्वाचा. शेवटचे तीन दिवस ओल वाढवावी. हवेसाठी ठेवलेली भोके मात्र बुजवू नयेत. गर्भही श्वास घेतो.

सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरली, तर कोळ्याच्या पायांसारख्या लाल शिरा दिसतात. गुरुजींनी हे मुलांना जरूर दाखवावे. ज्यात काहीच दिसत नाही, ती अंडी काढून टाकावी.

चोच कवचाबाहेर आल्यावर पिलू निघायला कधी कधी दिवसही लागतो. दया येऊन कवच सोलू नये. झाकण उघडले की ओल जाते आणि पापुद्रा सुकून पिलाला आवळतो. बाहेर आल्यावरही अंग वाळेपर्यंत ते आतच राहू द्यावे. पोटात ओढून घेतलेल्या बलकावर ते दिवसभर सहज तगते.