काबूलपर्यंतची मोटार

१९७२ साली टोनी आणि मॉरीन व्हीलर हे तरुण जोडपे लंडनहून खुष्कीच्या मार्गाने आशियाकडे निघाले. ६५ पौंडांची जुनी मोटार त्यांनी तुर्कस्तान, इराण ओलांडून काबूलला विकली. पुढे बस, आगगाडी, बोट असे करीत सिडनी गाठले, तेव्हा खिशात अवघे २७ सेंट होते. ‘कसे गेलात?’ असे जो तो विचारी; त्या उत्तरांतूनच १९७३ साली त्यांचे वाटाडे पुस्तक निघाले. मला मात्र त्या काटकसरीपेक्षा वाटेतल्या उघड्या सरहद्दींचे अप्रूप अधिक वाटते. १९७९ साली इराणात क्रांती झाली, वर्षअखेर सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि ती वाट मोडली. काटकसर प्रवाशाच्या हाती असते. सरहद्द उघडी राहणे नसते.