मधुमेही बालकांच्या घरातील रात्र

बालवयात सामान्यतः जडणारा मधुमेह हा प्रौढांच्या परिचित मधुमेहाहून निराळा असतो. गोड खाल्ल्याने किंवा पथ्य चुकल्याने तो होत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींवर उलटते व त्यांचा नाश करते. १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलास प्रथम इन्सुलिन टोचण्यात आले. तोवर हा रोग जडलेले मूल वर्ष-दोन वर्षांपलीकडे क्वचितच जगे. इन्सुलिनने मुले जगू लागली; परंतु त्यांच्या आईवडिलांच्या वाट्याला एक न संपणारे जागरण आले.

याचे कारण समजून घेण्याजोगे आहे. निरोगी स्वादुपिंड क्षणाक्षणाला इन्सुलिनचे प्रमाण कमीजास्त करते. टोचलेले इन्सुलिन मात्र परत घेता येत नाही. सायंकाळी मूल भरपूर खेळले, की त्याचा परिणाम कित्येक तास टिकतो आणि मध्यरात्रीनंतर रक्तातील साखर घसरू लागते. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली जाणे अनिष्ट, ५४ च्या खाली जाणे गंभीर. त्याहून खाली झटके किंवा बेशुद्धी येऊ शकते. जागेपणी घाम, थरथर, भूक या खुणांनी शरीर सूचना देते. झोपेत ॲड्रेनलिनचा प्रतिसाद मंदावतो व ती सूचना मिळेलच असे नाही. म्हणून आई बाराला उठते, वडील तीनला उठतात, बोटाला सुई टोचून रक्त तपासतात. भीतीपोटी काही पालक निजताना साखर मुद्दामच चढती ठेवतात. त्यांना दोष देणे कठीण आहे; पण वर्षानुवर्षे चढती राहिलेली साखर डोळे व मूत्रपिंडे यांस अपाय करते.

पुढे त्वचेखाली बसवायचे संवेदक आले. ते दर काही मिनिटांनी पेशींभोवतीच्या द्रवातील साखर मोजतात व ती उतरताच घंटा वाजवितात. परंतु मूल संवेदकावर कुशीस वळले, तर दाबामुळे आकडा खोटाच उतरतो आणि घर विनाकारण जागे होते. ज्ञान वाढले, झोप वाढली नाही. अमेरिकेतील सिॲटल येथे एकट्या राहणाऱ्या डेना लुईस यांची अडचण याच्या उलट होती. घंटेने त्यांना जागच येत नसे. स्कॉट लाइब्रँड यांच्या साहाय्याने त्यांनी आधी मोठा आवाज करणारी व्यवस्था केली, मग पुढील साखरेचा अंदाज बांधणारी, आणि अखेर पंपाला स्वतःच आज्ञा देणारी. ही रचना त्यांनी २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली केली.

संवेदक, इन्सुलिनचा पंप आणि गणित करणारा नियंत्रक, अशी या स्वयंचलित पद्धतीची तीन अंगे होत. साखर घसरणार असे दिसताच नियंत्रक इन्सुलिन कमी करतो किंवा थांबवितो. चढू लागल्यास वाढवितो. जेवणाची माहिती मात्र माणसालाच द्यावी लागते. रात्री ना जेवण, ना धावपळ. साखरेतील बदल संथ असतात. त्यामुळे हे यंत्र आपले काम रात्रीच सर्वांत चोख बजावते.

अशा पहिल्या यंत्रास अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळाली. केंब्रिज विद्यापीठाच्या पद्धतीची चाचणी ऑस्ट्रिया, जर्मनी, लक्झेंबर्ग व ब्रिटन येथील १ ते ७ वर्षे वयाच्या ७४ बालकांवर घेण्यात आली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नियंत्रकाविना पंप व संवेदक वापरण्याच्या तुलनेत या मुलांची साखर दिवसाकाठी सरासरी सुमारे दोन तास अधिक योग्य मर्यादेत राहिली, आणि साखर उतरण्याचे प्रमाण वाढले नाही. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने एप्रिल २०२४ पासून ही यंत्रे टप्प्याटप्प्याने देण्यास प्रारंभ केला.

झोपेबाबत मात्र सावधपणे बोलावे लागेल. आपल्याला अधिक शांत झोप लागते, असे पालक सांगतात. उपकरणांनी मोजलेल्या झोपेत फरक तितका ठळक आढळतोच असे नाही. वर्षांची सवय एका रात्रीत सुटत नाही. शिवाय पंपाची नळी मुडपली, तर काही तासांतच शरीरात घातक आम्ले साचू लागतात. तेव्हा घंटा ऐकलीच पाहिजे.

आपल्याकडे ही यंत्रे व दर काही दिवसांनी बदलावे लागणारे संवेदक सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. बहुतेक घरांत अजून सुई व रक्ततपासणीचे छोटे यंत्र यांवरच भिस्त आहे. तेथे निजण्यापूर्वी साखर तपासावी. मूल फार खेळले असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा कमी करावी किंवा खाऊ द्यावा, आणि त्या रात्री दोन-तीनच्या सुमारास पुन्हा तपासावे. उशाशी ग्लुकोज असावे. मूल शुद्धीवर नसेल, तर तोंडात काहीही घालू नये; त्याला कुशीवर वळवून तातडीने दवाखान्यात न्यावे. ग्लुकागॉनचे इंजेक्शन घरी असल्यास ते देण्याची रीत दोन्ही पालकांनी आधीच शिकून ठेवावी.