आईची झोपेची गोळी, न्यू जर्सीची रात्र : जेट लॅगवर गोळी खरंच चालते का?

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, जे एसटीत उभ्यानं प्रवास करतायत किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या घरात येणार आहे, नाहीतर येऊन गेलाय. ताई किंवा दादा परदेशात असतो, तिकडं बाळंतपण असतं आणि आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसते. आमच्याकडं हेच झालं. आम्ही जतचे. माझी ताई न्यू जर्सीत. तिच्या बाळंतपणाला आई ऑगस्टमध्ये निघाली, एकटीच. अण्णा डाळिंबाची बाग सोडून हलायला तयार नव्हते.

पासपोर्ट, व्हिसा, व्हीलचेअरची सोय, डिंकाचे लाडू, बाळंतविड्याचे कपडे, सगळं मी यादी करून बघितलं. एक गोष्ट मात्र मला कळलीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी शेजारच्या काकूंनी आईच्या हातात एक पट्टी ठेवली होती. "विमानात झोप येत न्हाई. एक गोळी घेतली की झोप लागती बघ. मी तीन वर्षं घेतीय," असं सांगून. ती अल्प्राझोलामची पट्टी होती.

तिथं काय झालं

विमानात जेवण झाल्यावर आईनं एक गोळी घेतली आणि नऊ तास न हलता झोपली. उतरली तेव्हा पायांना सूज. सकाळी सातला न्यू जर्सी. घरी पोचून अंघोळ केली, आठ दिवसांच्या नातीला बघितलं आणि जी झोपली ती संध्याकाळी उठली. मग रात्री दोनला टक्क जागी. घड्याळात दोन, पण तिच्या शरीराच्या हिशेबानं जतमधले सकाळचे साडेअकरा. म्हणजे भाकऱ्या थापून झाल्या असत्या! झोप येईना म्हणून तिनं दुसरी गोळी घेतली. साडेचारला बाळ रडलं, आई धडपडत उठली, बाथरूममध्ये तोल गेला आणि हात बेसिनच्या कडेवर आपटला. मनगटाला बारीक फ्रॅक्चर.

प्रवासाचा विमा होता म्हणून बिलाचं निभावलं. पण आई गेली होती नातीला तेल लावून अंघोळ घालायला, आणि पुढचे पाच आठवडे तिला बाळ उचलता आलं नाही. फोनवर ती एवढंच म्हणाली, "मदतीला आले आणि अडचण झाले."

ते वाक्य डोक्यातनं जाईना, म्हणून मी हा विषय नीट समजून घेतला. काकूंचा हेतू वाईट नव्हता, आईचीही चूक म्हणता येणार नाही. आमच्या कुणालाच जेट लॅग म्हणजे काय हे माहीत नव्हतं. आम्ही त्याला नुसती अपुरी झोप समजत होतो.

घड्याळ नेमकं कुठं असतं?

आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, साधारण वीस हजार पेशींचा एक छोटा पुंजका असतो. हे शरीराचं मुख्य घड्याळ. कधी झोप यावी, कधी भूक लागावी, शरीराचं तापमान कधी उतरावं, हे सगळं ते ठरवतं. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं हे शोधणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना 2017 मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

हे घड्याळ रोज लावून द्यावं लागतं आणि ते लावतो डोळ्यांत जाणारा उजेड. विमान आपल्याला पंधरा-सोळा तासांत अमेरिकेत नेऊन टाकतं, घड्याळ मात्र अजून जतमध्येच असतं. ते दिवसाला साधारण एक ते दीड तासच सरकतं. पश्चिमेला जाताना, म्हणजे दिवस लांबवताना, थोडं लवकर. पूर्वेला येताना हळू. कारण बहुतेक माणसांचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित जास्त लांब असतं. त्याला उशीर करणं सोपं, घाई करणं अवघड. अगदी आपल्यासारखंच!

शेतकरी घरातल्या मंडळींना हे पटकन कळेल. आमच्याकडं शेतीपंपाची लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी आलटून पालटून असते. रात्रपाळीच्या आठवड्यात अण्णा रात्रभर पाणी पाजायला रानात आणि दिवसभर घरात चिडचिड. जेवण नको, धड झोप नाही. तो विमानाशिवायचा जेट लॅगच की! फरक एवढाच, की अण्णांना रोज सकाळी जतचंच ऊन दिसतं, म्हणून त्यांचं घड्याळ कधी सरकतच नाही. अमेरिकेत मात्र तिथला सूर्य आपल्या मदतीला असतो. त्याचा उपयोग करून घ्यायचा.

मग गोळी काय करते?

झोपेची गोळी मेंदूला गुंगी आणते, घड्याळ सरकवत नाही. आईला गोळीनं झोप लागली, पण घड्याळ जतच्याच वेळेवर राहिलं. वर गोळीचा अंमल लगेच उतरत नाही. अल्प्राझोलामचं शरीरातलं प्रमाण निम्मं व्हायला अकरा-एक तास लागतात, वयस्कर माणसांत सोळाच्या आसपास. म्हणजे आई साडेचारला उठली तेव्हा दुसरी गोळी जोरात होती आणि पहिलीही पूर्ण गेली नव्हती. वयस्कर लोकांनी या जातीच्या गोळ्या शक्यतो टाळाव्यात असं अमेरिकेतल्या वृद्धरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, आणि पडणं, हाड मोडणं, गोंधळणं हीच त्याची कारणं.

विमानातला धोका वेगळा. चार तासांपेक्षा जास्त एका जागी बसून राहिलं की पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालात आहे. घाबरू नका, एरवी निरोगी माणसात ही शक्यता मुळातच कमी असते, सहा हजारांत एक अशी. पण गोळी घेऊन नऊ तास पाय न हलवणं म्हणजे ती आपणच वाढवणं.

आणि गोळीवर दारू अजिबात नको. 1987 मध्ये एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात तीन जणांची हकिगत छापून आली होती. जेट लॅग होऊ नये म्हणून त्यांनी ट्रायाझोलाम नावाची झोपेची गोळी घेतली, सोबत दारूही. पुढचे कित्येक तास ते चालले-बोलले, पण नंतर त्यांना त्यातलं काही आठवेना. गंमत म्हणजे तिघेही मेंदूचेच शास्त्रज्ञ होते!

बाजारात काय काय मिळतं?

एकेक पटापट बघू.

अल्प्राझोलाम, डायझेपाम, झोल्पिडेम : आपल्याकडं 2014 पासून ही औषधं शेड्यूल एच-वन मध्ये आहेत. म्हणजे डॉक्टरांची चिठ्ठी हवीच, आणि मेडिकलवाल्यानं पेशंटचं, डॉक्टरांचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपून ठेवायचं. पट्टीवर लाल चौकट दिसली की समजा, ही शेजाऱ्याकडनं घ्यायची वस्तू नाही. झोल्पिडेमबद्दल तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2019 मध्ये सगळ्यात कडक इशारा दिलाय : ती घेऊन लोक झोपेतच चालतात, गाडीसुद्धा चालवतात.

सर्दी-ॲलर्जीच्या गुंगी आणणाऱ्या गोळ्या : अमेरिकेतल्या दुकानात 'पीएम' लिहिलेली जी औषधं चिठ्ठीशिवाय मिळतात, त्यातल्या बऱ्याच औषधांत डायफेनहायड्रामीन असतं. त्यानं तोंड कोरडं पडतं, लघवी अडकू शकते, दुसऱ्या दिवशीही डोकं जड राहतं. आई-बाबांच्या वयाला नकोच.

मेलाटोनिन : हे जरा वेगळं प्रकरण. अंधार पडला की आपला मेंदू स्वतःच हे बनवतो आणि शरीराला 'रात्र झाली' असा निरोप देतो. बाहेरनं योग्य वेळी घेतलं तर ते घड्याळ सरकवायलाही मदत करतं. 2002 मध्ये दहा चाचण्या एकत्र तपासून बघितल्या, तेव्हा त्यातल्या नऊमध्ये पाच किंवा जास्त टाइम झोन ओलांडणाऱ्यांचा जेट लॅग मेलाटोनिननं कमी झालेला दिसला. अर्धा ते पाच मिलिग्रॅम पुरतं, जास्त घेऊन जास्त फायदा नाही. घ्यायचं मात्र जिथं पोचलो तिथल्या झोपायच्या वेळेला. दिवसा घेतलं तर झोप येते आणि घड्याळ सरकायचं आणखी लांबतं.

गोड गमी बघून भुलू नका. 2023 मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या पंचवीस गमी तपासल्या, त्यातल्या बावीसवर लिहिलेलं प्रमाण चुकीचं निघालं. एकीत तर मेलाटोनिन नव्हतंच. फिट्स येणारे, रक्त पातळ करायची गोळी घेणारे, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये.

जायफळ घातलेलं दूध : आजीचा उपाय. चिमूटभर असेल तर खुशाल प्या, निजायच्या आधीची ती एक शांत सवय आहे. पण 'थोड्यानं झोप येते तर चमचाभर घालू' असं नको. जास्त जायफळानं मळमळ, धडधड आणि भास होतात.

आईचं पुढं काय झालं?

हात प्लास्टरमध्ये, गोळ्या बंद. दुसऱ्या रात्री दीडला आई पुन्हा जागी. यावेळी ताईनं हुशारी केली. म्हणाली, "आई, तुला झोप नाही ना? मग रात्रीची पाळी तुझी." ताई बाळाला पाजून उशांच्या आधारानं आईच्या मांडीवर द्यायची आणि तीन तास गाढ झोपायची. आई मंद दिव्यात बसून बाळाला थोपटायची. जो जेट लॅग मारायला आपण गोळी दिली, तोच त्या घरात कामाला आला!

दुपारी दोन ते सहा ताईनं आईला उजेडात ठेवलं, कधी अंगणात तर कधी बागेत. दिवसा डुलकी फक्त अर्धा तास. दुपारनंतर चहा बंद, हे आईला फ्रॅक्चरपेक्षा जड गेलं. संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागायचे, तरी नऊपर्यंत गप्पा मारून जागं ठेवायचं. आणि रात्री फोन नाही. आधी ती दोनला उठून अण्णांना व्हिडिओ कॉल लावायची, कारण जतमध्ये दिवस असायचा. स्क्रीनचा उजेड, वर डाळिंबाची काळजी, मग झोप कुठनं येणार? आठव्या दिवशी ती पहाटे पाचला उठली आणि म्हणाली, "आता लागली हितली येळ."

डिसेंबरात परत येताना आम्ही आधीच डॉक्टरांना भेटून ठरवलं. तिची बीपीची गोळी कोणत्या वेळेला घ्यायची, मेलाटोनिन चालेल का, किती, किती दिवस. त्यांनी तीन मिलिग्रॅम लिहून दिलं, रात्री झोपायच्या आधी, चार दिवस. विमानात गुंगीची गोळी नाही; दर दीड-दोन तासांनी उठून चक्कर, भरपूर पाणी.

इथं एक गोष्ट मला नव्यानं कळली. अमेरिकेतनं परत आल्यावर पहिले दोन-तीन दिवस सकाळचं कडक ऊन टाळायचं! कारण आपल्याकडं सकाळ असते तेव्हा आतल्या घड्याळात रात्रीचा पहिला भाग चालू असतो. त्या वेळचा उजेड घड्याळ उलट्या बाजूला ढकलतो. दुपारी तीननंतर बाहेर पडायचं, मग रोज तासभर आधी. त्यामुळं आई सकाळी सोप्यात सावलीला आणि दुपारी बागेत. गल्लीतल्या बायकांना वाटलं, अमेरिकेहून आल्यावर सकाळचं बाहेर पडायला लाजती का काय! दहा-अकरा दिवस लागले, पण पडणं-झडणं काही नाही.

तुमच्या घरातनं कुणी निघालं असेल तर

बॅग भरताना औषधांची पिशवी एकदा स्वतः उघडून बघा. कुणी दिलेली सुटी पट्टी असेल तर बाजूला काढा. रोजची औषधं मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह ठेवा. झोपेसाठी काही हवंच असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला, आणि ते घेण्याची पहिली रात्र विमानात किंवा परक्या घरात नको. तिथं पोचल्यावर बाथरूमच्या वाटेवर रात्रभर एक छोटा दिवा चालू ठेवायला सांगा. आणि आईला आधीच सांगून ठेवा, 'पहिला आठवडा रात्री जाग येणार, तो आजार नाही.' हे कुणी सांगितलं असतं, तर आमच्या आईनं दुसरी गोळी घेतलीच नसती.

काकूंनाही मी हे सगळं सांगितलं. त्या गोळ्या एकदम बंद करू नका, हेही सांगितलं, कारण अनेक वर्षं घेतलेली अशी गोळी अचानक सोडली तर जास्त त्रास होतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यानं हळूहळू कमी करायची असते. त्या गेल्या आठवड्यात दाखवून आल्या.

नात आता रांगतीय. पुढच्या वर्षी आई परत निघालीय, या खेपेला अण्णांना घेऊन. पट्टी कुणाकडनं घेणार नाही म्हणालीय. चहाचं मात्र अजून कबूल केलेलं नाही.

भाग आवडला तर घरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, विशेषतः ज्यांच्या आईचं तिकीट झालंय त्यांना. भेटू पुढच्या भागात!