खटका कशाने उडतो?

विजेचं बटण आपण दाबलं, की दिवा लागतो. पण कुणीही हात न लावता, आणि तोही दर वेळी जरा मागेपुढे, उडणारा खटका आपण पाहिला आहे का? पदार्थविज्ञानात असा एक खटका आहे.

पारा निरपेक्ष शून्याच्या वर सुमारे ४ अंशांपर्यंत थंड केला, की त्याचा विजेला होणारा विरोध एकाएकी नाहीसा होतो. कामर्लिंग ओनेस यांना हॉलंडमधील लायडन येथे १९११ साली हे आढळलं. अशा पदार्थांना अतिसंवाहक म्हणतात. दोन अतिसंवाहकांमध्ये विद्युत्‌रोधकाचा अगदी पातळ पापुद्रा ठेवला, तरी त्यातून वीज दाबाविना वाहील, असं केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १९६२ साली गणिताने दाखवलं. मात्र याला मर्यादा आहे. प्रवाह फार वाढला, की खटका उडतो आणि सांध्यावर विद्युत् दाब उभा राहतो.

आता गंमत पाहा. हा खटका मर्यादा गाठण्याआधीच उडतो! असं का व्हावं?

घरावरचा पन्हळी पत्रा डोळ्यांपुढे आणा. त्याच्या एका पन्हळीत गोटी ठेवा आणि पत्रा हळूहळू तिरपा करा. प्रवाह वाढवणं म्हणजे हा उतार वाढवणं. पत्रा स्थिर असेल, तर पन्हळीचा उंचवटा पार नाहीसा होईपर्यंत गोटी हलणार नाही. पण कुणी पत्रा थरथरवत असेल, तर ती आधीच उसळून घरंगळेल. ही थरथर म्हणजेच उष्णता. म्हणून सांधा जितका थंड, तितका खटक्याचा लहरीपणा कमी.

पण काही शतांश अंशांपर्यंत उतरल्यावर हा लहरीपणा कमी होणं थांबतं. मग गोटीला बाहेर काढतं कोण? ती उंचवट्यावरून न जाता त्याच्या आरपार जाते, असं पुंजयामिकी सांगते. पण बाहेरच्या ऊबदार खोलीतला विजेचा गोंगाट तारांवाटे आत शिरत असेल तर?

जॉन क्लार्क, मिशेल डेव्होरे आणि जॉन मार्टिनिस यांनी १९८४-८५ साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे याचा छडा लावला. तारांवर तांब्याच्या भुकटीच्या गाळण्या बसवून त्यांनी गोंगाट अडवला. मग चुंबकीय क्षेत्राने त्याच सांध्याची प्रवाहमर्यादा कमी केली. अशा वेळी आरपार जाणं आणखी थंडीतच दिसावं, असं गणित होतं. आणि खरोखरच तो सांधा थंडीबरोबर शांत होत गेला. तारा त्याच, जागा तीच; गोंगाट असता, तर इथेही दिसला असता!

अणूंच्या जगातला नियम हातात धरता येईल एवढ्या मंडलातही चालतो, हे असं सिद्ध झालं. २०२५ साली या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं. आज अशाच सांध्यांवर पुंज-संगणक उभे राहत आहेत आणि त्यांना थंडीत ठेवावं लागतं ते याचसाठी: उष्णतेचा हात पत्र्याला लागू नये.